शेपूट

ज्यांनी मला भारतातून इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात आणलं, ते आमचे मॅनेजर शनिवारी टीमला ट्राउट माशांच्या तळ्यावर गळ टाकायला नेत. दोनच मासे घरी नेता येत, बाकीचे सोडावे लागत. ते आधी शेपूट बघत. "झिजलंय. सिमेंटच्या टाकीत वाढलाय, कालच तळ्यात आलाय. याला चव नाही. अगदी तुझ्या तालुक्याच्या कॉलेजचा रे!" सगळे हसत, मीही हसे. मग हात ओले करून ते त्याला अलगद पाण्यात सोडत. "जा बाबा, घरी जा."

मंदीत टीममधल्या दोघांनाच ठेवायचं ठरलं. केबिनमध्ये माझ्या खांद्यावर हात ठेवून ते तितक्याच मायेने म्हणाले, "जा बाबा, घरी जा."

माशाचं घर निदान हातभर अंतरावर असायचं.