काळा शाह, पऱ्या आणि माझा मामा

लहानपणी मी खोटं बोलायचे, आणि चांगलं बोलायचे. आईच्या हातचा मार खाऊन खाऊन त्यात माझी तयारीच झाली होती. त्यातलं बहुतेक मी विसरले. एक खोटं मात्र सत्तरी उलटली तरी जसंच्या तसं आठवतं, कारण त्या खोट्यानं मी माझ्या मामाचा जीव घेतला, असं मला दोन दिवस वाटत होतं.

वडील गेल्यावर मामानं आईला आणि मला आपल्या मळ्यात आणलं. मळा अचलपूरच्या बाहेर, परतवाड्याच्या वाटेवर. वांगी, कांदे, थोडी संत्र्याची झाडं आणि बांधाला मोगरा. मामा सडाफटिंग. कुणी लग्नाचं काढलं की म्हणायचा, "एक बहीण अन् एक भाची, दोघी मिळून बोलतात तेवढं मले पुरे हाये." उन्हाळा लागला की साहेब लोक आपल्या कचेऱ्या उचलून चिखलदऱ्याला थंड हवेत जाऊन बसत. त्यांच्या स्वयंपाकघरांना भाजी लागे, संत्री लागत. म्हणून मामा आठवड्यातून एकदा गाडी भरून घाट चढायचा आणि तीन दिवसांनी रिकामी गाडी घेऊन उतरायचा. आम्हा दोघींना जगात तेवढा एकच माणूस होता. तो नसता तर आम्ही कुठं गेलो असतो, हे मला त्या वयातही पक्कं ठाऊक होतं.

गावात ठरलेल्या घरी भाजी आणि मोगऱ्याच्या पुड्या पोचवायचं काम माझं. शेवटचं घर पिंजारी गल्लीत, खालाचं. खाला म्हणजे तिथली म्हातारी पिंजारीण. सगळी गल्ली तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणे. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. लग्नसराईच्या गाद्यांचा कापूस ती एकटी पिंजायची. पिंजणाची तात ढुंई ढुंई वाजायची, कापूस छपरापर्यंत उडायचा, खालाच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या, आणि त्या सगळ्यात ती गोष्ट सांगायची. अशी गोष्ट मी पुढं जन्मात ऐकली नाही.

गोष्ट काळ्या शाहाची आणि पऱ्यांची. पऱ्या म्हटल्यावर चित्रातल्या गोंडस पोरी डोळ्यांसमोर येतात, तसल्या या नव्हेत. खालाच्या पऱ्या उंच, हजार हजार वर्षं जगणाऱ्या, आणि कष्टाळू. त्यांच्या मुलखात झाडांना बोंडं लागत आणि बोंडं फुटली की आतून उजेड निघे. पऱ्या तो वेचत आणि सगळ्या दुनियेला वाटत. काळा शाह राहायचा बिनदाराच्या डोंगरात. त्याला पऱ्यांचा उजेड का खुपावा, असं मी विचारलं होतं.

"त्याले नींद नव्हती, बेटा," खाला म्हणाली. "ज्याले सोताले नींद नाई, त्याले दुसऱ्याच्या घरचा दिवा पाहवत नाई."

शाहानं फौज पाठवली, पऱ्यांची शेतं लुटली, सगळा उजेड डोंगरात नेला आणि दाबून दाबून त्याच्या गाठी बांधल्या. आमच्याकडं कापसाच्या प्रेसमध्ये बांधतात तशा, लोखंडी पट्ट्या आवळून. मी प्रेसच्या फाटकातून त्या गाठी पाहिल्या होत्या, त्यामुळे मला हे सगळं तंतोतंत खरं वाटे.

पण खालाची एक अट होती. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. लोक हसत हसत म्हणतात, पोरांना कामाला लावायला म्हणतात. खाला हसत नसे. दिवेलागणीनंतर मला गावात थांबायची परवानगी नव्हती, तेव्हा तिनं त्यातून वाट काढली होती: मामा घरी असला तर दिवसा चालतं, जो घरातच आहे तो वाट कसा चुकेल? म्हणून मी टोपली टेकवली की ती आधी विचारायची, "तुया मामा घरी हाये न?" मी हो म्हटलं की मगच पिंजण आणि गोष्ट दोन्ही सुरू.

तो चैत्रातला मंगळवार होता. मामा शनिवारी घाट चढला होता, त्या संध्याकाळी यायचा होता. गोष्ट अशा जागी आली होती की मला रात्री झोप लागत नव्हती. काळ्या शाहाचा आणि माझा तेवढा एक गुण जुळला होता. पऱ्यांतली सगळ्यात धाकटी परी उजेड सोडवायला एकटीच बिनदाराच्या डोंगरात शिरली होती.

"तुया मामा घरी हाये न?"

"हाये न," मी म्हटलं. "खाटेवर घोरून राह्यला."

घोरणं मी पदरचं घातलं. खोट्याला अशी एखादी बारीक टाचणी मारली की ते पक्कं बसतं, हा माझा अनुभव. खालानं विश्वास ठेवला आणि सांगू लागली. परतीची वाट सापडावी म्हणून धाकटी परी पावला-पावलाला कापसाचा एकेक पुंजका टाकत गेली. काळ्या शाहानं ते पाहिलं. त्यानं नुसती एक फुंकर मारली. सगळे पुंजके उडाले, आणि परी काळोखात वाट चुकली.

"मंग?" मी म्हटलं.

"मंग उद्या," म्हणून खालानं पिंजण खाली ठेवलं.

त्या संध्याकाळी मामा आला नाही. आई म्हणाली, बैल थकले असतील, सकाळी येईल. सकाळी आला नाही. शेजारच्या मळ्यातला माणूस परतवाड्यापर्यंत जाऊन आला. घाटातून उतरलेल्या गाडीवानांनी सांगितलं की चिखलदऱ्याला याची गाडी उभी आहे, एक बैल बांधलेला आहे, माणसाचा पत्ता नाही. आईनं चूल पेटवली नाही. ती दारात बसली आणि परतवाड्याच्या वाटेकडं बघत राहिली. घाटात वाघ आहेत हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

आईला वाघाची भीती. मला वाघाची नव्हतीच. मला ठाऊक होतं काय झालं ते. मामा गेला होता माझ्या जिभेमुळं. आणि वर पंचाईत अशी की गोष्ट अर्धी राहिली होती. धाकटी परी काळोखात तशीच ठेवली तर मामाही तसाच भटकत राहणार. तिला बाहेर काढायचं म्हटलं तर गोष्ट पुढं न्यायला हवी, आणि दिवसा आणखी गोष्ट म्हणजे मामा आणखी लांब. इकडे आड, तिकडे विहीर. दहा वर्षांच्या डोक्याला याच्यावर उपाय सुचेना. बुधवारी दुपारी मी टोपली न घेताच गावात पळाले आणि खालासमोर रडत सगळं कबूल केलं.

मला वाटलं ती मारील. निदान शिव्या तरी घालील. तिनं तसलं काही केलं नाही. तिच्या हातातला कापूस तसाच राहिला आणि तोंडावरचा रंग उतरला. मग म्हणाली, "मले एक भाऊ होता. माह्या बहिणीच्या लेकरांचा मामा."

मोठ्या दुष्काळात तो काम शोधायला निघाला. तिकडं तो वाटेवर आणि इकडं भुकेली भाचरं रडतात म्हणून खालानं त्यांना भर दिवसा गोष्ट सांगितली. भाऊ परत आला नाही. तेव्हापासून तीस वर्षं तिनं कुणाला मामाचा पत्ता विचारल्याशिवाय दिवसा गोष्ट सांगितली नव्हती.

"तुले माईत नवतं, पोरी," ती म्हणाली. "मले माईत होतं. मी पाहून घ्याले पायजे होतं. जाय घरी. आता दिवसा एक लफ्ज नाई."

मला मार परवडला असता. माझं खोटं ती आपल्या अंगावर घेत होती, आणि मी तिथं उभी राहून ते घेऊ देत होते. त्याची लाज अजून वाटते.

दिवेलागणीला आईनं तुळशीपाशी दिवा ठेवला आणि पाहते तो बांधावरून खाला चालत येते आहे. तिला मळ्यात आलेली आम्ही कधी पाहिली नव्हती. गुडघे धरून धरून ती ओसरीवर चढली, दिव्याकडं नीट बघून दिवस मावळल्याची खात्री करून घेतली, आणि आईला म्हणाली, "या पोरीची एक गोष्ट माह्याकडं बाकी हाये." आईला काहीच कळलं नाही, पण तिनं पाट दिला.

खाला त्या दिवशी घाईनं बोलत होती. एरवी एकेका परीच्या ओढणीचं वर्णन अर्धी दुपार चाले, आज एकही ओढणी नाही. "परीनं काय केलं? ते धावली नाई. खाली बसली. वाट चुकली का मानसानं बसावं, धावलं का अजून चुकते. बसली अन् हातानं चाचपलं, त् पाठीमागं गाठच. उजेडाची. तिनं दातानं पट्टी तोडली. आता तूच सांग, दाबलेल्या कापसाची पट्टी तोडली त् काय होते?"

"फुगते," मी म्हटलं.

"फुगला न उजेड! एक गाठ फुगली, तिच्या जोरानं दुसरीची पट्टी तुटली, दुसरीनं तिसरी. डोंगरात मावे ना. डोंगर फुटला दाणकन, अन् परी बाहेर."

"अन् काळा शाह?"

"त्याच्या अंगावर उजेडाची गादी पडली. जलमात पहिल्यांदा झोपला मेला." एवढं सांगून खाला उठली. "आली बाहेर. आता तोही येईल," असं म्हणाली आणि आल्या वाटेनं परत गेली. आई तिच्या पाठीकडं बघत राहिली. मी त्या रात्री शांत झोपले, हे सांगायला थोडं ओशाळल्यासारखं होतं.

गुरुवारी दुपारी मामा आला. एका पायाला पाल्याचा लेप, तोंडावर ओरखडे, आणि स्वभाव होता तसाच. आई त्याच्या गळ्यात पडून रडायला लागली तर म्हणाला, "पाणी दे व आधी, मंग रड." पाणी पिऊन मग त्यानं सांगितलं. चिखलदऱ्याला एक बैल दावं तोडून जंगलात पळाला. मामा त्याच्या मागं गेला, बैल सापडेना आणि वाटही सापडेना. पाय मुरगळला. रात्र झाडावर काढली. पहाटे मोहाची फुलं वेचायला आलेल्या कोरकू बायांनी त्याला उतरवला, पाड्यावर नेला, पायाला पाला बांधला, जेवू घातलं. तिसऱ्या दिवशी बैलही त्यांनीच हुडकून दिला.

"वाट चुकलास तो कोणता दिवस?" मी विचारलं.

"सोमवार. काहून?"

मी पुन्हा विचारलं. पुन्हा सोमवारच. मंगळवारी उजाडताच तो सापडला होता. म्हणजे मी खालासमोर बसून त्याला खाटेवर घोरवत होते, तेव्हा तो खरंच पाड्यावर पोटभर जेवून घोरत पडला होता. माझ्या छातीवरचा दगड उतरला, म्हणजे इतका उतरला की मी मोठ्यानं हसले, आणि आईनं पाठीत एक धपाटा घातला. तो मला गोड लागला.

मी तशीच पळत पिंजारी गल्लीत गेले. "खाला, मामा आला! अन् तो सोमवारीच चुकला होता! आपली गोष्ट मंगळवारची!"

खालानं दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले, माझ्या डोक्यावरून बोटं फिरवून आपल्या कानशिलावर मोडली. ती मला गूळ द्यायला उठली. मी आनंदात होते आणि आनंदात मला गप्प बसता येत नाही. मी विचारलं, "खाला, तुया भावाच्या वेळची गोष्ट कोणत्या दिवसाची होती?"

"जुम्म्याची," ती लगेच म्हणाली.

"अन् तो कवा चुकला?"

त्याच्यासोबत गेलेला एक जण दोन महिन्यांनी परत आला होता. त्यानं सांगितलेलंही तिला पाठ होतं. दोघं सोमवारी निघाले, खंडव्याच्या ठेसनावर माणसांची रेटारेटी, तिथं हात सुटला तो सुटलाच. "बुधवारी," खाला म्हणाली.

मग ती थांबली. गुळाचा डबा तिच्या हातात तसाच होता. बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवत तिनं वार मोजले. सोमवार. मंगळवार. बुधवार. जुमेरात. जुम्मा. पुन्हा पहिल्यापासून मोजले. तीस वर्षं दोन्ही वार तिच्या डोक्यात होते, पण ते एकमेकांशेजारी ठेवून बघायचं तिला कधी धाडसच झालं नसावं.

"हात सुटला बुधवारी," ती म्हणाली. "अन् गोष्ट त् जुम्म्याची होती."

ती कापसाच्या ढिगावर बसली आणि रडली. भाऊ तर परत येणार नव्हताच. पण तिच्या तोंडाकडं बघून मला कळलं की हे दुःखाचं रडणं नाही. गूळ द्यायचा राहिला, आणि मी मागितलाही नाही.

पुढच्या शनिवारी पाय बरा नसताना मामा हट्टानं पुन्हा घाट चढला. सोमवारी मी टोपली घेऊन गेले. खाला पिंजत होती. या वेळी ती विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, "खाला, मामा घरी नाई. घाटात हाये."

पिंजण थांबलं नाही. भर दुपारची वेळ होती, कापूस छपरापर्यंत उडत होता.

"असू दे," खाला म्हणाली. "येईल तो. बस."

आणि तिनं नवी गोष्ट सुरू केली.