सामोआला गेलेली वर्गणी

१७ फेब्रुवारी १९९० रोजी, न्यूझीलंडमधल्या पोरिरुआ शहरात, टायरच्या कारखान्यात, तिथला कामगार लेपायो याच्या गावासाठी तीनशे अठरा डॉलर साठ सेंट जमले. बेटांवर वादळ झाल्याचं रेडिओवर ऐकून पाळीतल्या मंडळींनी आपण होऊन डबा फिरवला होता. लेपायो त्या दिवशी रजेवर होता. तो कामावर परतला तोवर पैसे सामोआला रवानाही झाले होते. त्यात त्यांची चूक नव्हती. इतकी वर्षं तो त्यांच्यात सामोआचा म्हणूनच वावरत होता.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, कुठला म्हणून विचारल्यावर, त्याने ‘टोकेलाऊ’ असं खरं सांगितलं होतं; सामोआच्या उत्तरेची तीन चिमुकली बेटं. मुकादम हसला. “ते खायचं असतं की प्यायचं?” दोन-तीन जणांपुढे असंच झालं. इंग्रजी बोलणाऱ्यांना ते नाव ठाऊकच नव्हतं, आणि दर वेळी नकाशा समजावून सांगायचा त्याला कंटाळा आला. मग एकदा तो ‘सामोआ’ म्हणाला. समोरच्याने मान डोलावली, विषय मिटला. पुढे तीच सवय झाली.

पैसे भलतीकडे गेल्याचं त्या दिवशी तरी सांगता आलं असतं. तो नुसता “आभारी आहे” म्हणाला.

एप्रिलमध्ये तो बोटीने फाकाओफोला, टोकेलाऊतल्या आपल्या बेटावर, घरी आला. वादळात समुद्राने किनाऱ्याची दगडी भिंत पाडली होती. थोरली बहीण मेलिता कंबर मोडेपर्यंत दगड वाहत होती. संध्याकाळी गावाने मिळून धरलेल्या मासळीची वाटणी झाली. जमिनीवर मासे मांडून म्हातारा इओसुआ एकेका घराचं नाव पुकारत होता.

“मेलिताचं घर! या वेळी एक माणूस जास्त!”

लेपायो जागचा हलला नाही.

“ऊठ की,” मेलिता म्हणाली. “मासे काय चालत येणार आहेत?”

“ताई, मला नको.”

“का रे बाबा? टायर खाऊन पोट भरलं का?” इओसुआ म्हणाला. लोक हसले. “बरं, तुझ्या कारखान्यातून काही आलं नाही. तिकडे गेलेल्या आपल्या बाकीच्या पोरांच्या कारखान्यांतून आलं.”

“आलं होतं, काका. सामोआला गेलं.”

“सामोआला? ते कसं?”

लेपायोने सगळं सांगितलं, मान वर न करता. हसू थांबलं. मागून एक म्हातारी म्हणाली, “आपल्या गावाचं नाव घ्यायला जीभ झडत होती का?” मेलिताने तोंड फिरवलं. त्याला तेच जास्त लागलं.

इओसुआने सहा मासे उचलून लेपायोच्या पायाशी ठेवले. शेजारच्या घरालाही माणशी सहाच होते.

“काका, सांगितलं ना मी!”

“ऐकलं. वाटा माणशी असतो. कोण कसा वागला ते बघून वाटायला लागलो तर निम्मं गाव उपाशी झोपेल. उचल.”

एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं लेपायोला वाटलं. सगळ्यांच्या देखत त्याने ते मासे उचलले आणि मेलिताच्या टोपलीत टाकले. मेलिता टोपली उचलून एकटीच घराकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवसापासून तो भिंतीच्या कामाला लागला. जूनच्या बोटीने त्याने साठवलेल्या पैशांतून सिमेंट मागवलं. त्यात साठवण संपली; त्या बोटीच्या मालभाड्यापैकी बारा डॉलर त्याने अजून दिलेले नाहीत.