विहिरीकाठचं उखळ

तार दुपारी आली. मी नागपूरच्या एका दैनिकात काम करतो. दिवसभर तारा वाचणं हाच धंदा, म्हणून तीही इतरांसारखीच उघडली. तीन शब्द होते: बहीण वारली, या. कशाने, ते नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी पोंभुर्ण्याला तिच्या अंगणात उभं राहिल्यावर कळलं. त्याला आता सात आठवडे झाले.

गंगूबाई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मी तिला बाई म्हणत असे. नवरा जंगलखात्यात नाकेदार होता. तो गेल्यावर ती त्या दोन खोल्यांत एकटी राहिली. मुलगा वामन बल्लारशाला नोकरीला. त्याने बजावून ठेवलं होतं, की तुझं तुला होतं तोवर राहा, होईनासं झालं की घराला कुलूप लावून तुला घेऊन जाईन. तो हे मायेनेच म्हणे आणि ती हसून मान हलवी. घरातली वस्तू कोणी जागची हलवली की मात्र तिचं हसू जाई. तांब्या कोनाड्यात, सूप खुंटीवर, काठी दाराच्या उजव्या कोपऱ्यात. पाहुण्याने पाणी पिऊन तांब्या जमिनीवर ठेवला तर ती तो मागून घेई आणि स्वतः जागेवर ठेवी. वामनच्या बायकोला हे सोवळं वाटे. मला हट्ट वाटे.

गेल्या ज्येष्ठात मी आठवडाभराच्या रजेवर तिच्याकडे होतो, तेव्हा गावात हिवतापाची फवारणी आली. डी.डी.टी. मारण्याआधी घरातलं सगळं सामान बाहेर काढावं लागतं. तासाभरात बाईचा संसार अंगणात उन्हात पडला. गंजके डबे, तडकलेल्या बरण्या, नाकेदाराचे बूट, दांडी नसलेली छत्री... बाई कडुनिंबाखाली बसून कुठून काय काढलं ते पुन्हापुन्हा विचारत होती. मी ठरवलं, निघालंच आहे तर घर नीट लावून द्यावं. निम्मं सामान टाकलं. डब्यांच्या गळ्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या, एकीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन. त्या कळकट चिंध्या सोडून जाळल्या आणि डब्यांवर कागद चिकटवून ठळक अक्षरांत लिहिलं: मीठ, साखर, हळद. बाई चौथीपर्यंत शिकलेली होती. तिने एका कागदावरून बोट फिरवलं. अक्षर चांगलं हाये तुहं, म्हणाली.

राहिलं उखळ. ऐनाच्या खोडाचं, कमरेएवढं, एका बाजूने चिरलेलं. परसात विहिरीच्या अगदी तोंडाशी उभं. विहिरीला कठडा नव्हता, आणि पाणी काढणाऱ्याला त्या उखळाची अडचण होत असणार, असं मला वाटलं.

"राहू दे ना बाबू ते तिथी," ती म्हणाली.

"चिरलंय, बाई. धान तर आता गिरणीत जातं."

"मी बी चिरलेलीच आहो. मले कुठी लोटशील?"

फवारणीची माणसं हसली, मीही हसलो. त्यांच्यातल्या दोघांना हाताशी घेऊन मी ते लोटत कुंपणापाशी नेलं.  निघायच्या दिवशी चहात मीठ पडलं होतं. शहरात राहून तुझी जीभ बिघडली, असं म्हणून तिने कप माझ्या हातातून काढून घेतला. पाट्या वाचून टाकत जा, असं मी तिला सांगितलं.

मी परतल्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी ती पाण्याला गेली.

शेजारची सोमीबाई तिच्यासोबत रोज बसणारी. मी विचारण्याआधीच तिने सांगितलं. "तिले चार सालापासून दिसत नव्हतं, भाऊ. उजेड तेवढा समजे. वामनले कळलं का घर सुटते म्हने. मले आन घातली होती." मग म्हणाली, "उखळाले हात लागला का विहीर आली, असं होतं तिचं. मी म्हटलं, माह्या घरचा तेंदूच्या कामावरून येऊ दे, पुन्हा जागी ठेवू. तर म्हने, राहू दे, सवय करून राह्यली मी."

वामनला मी हे सगळं क्रमाने सांगितलं, माझा भाग न वगळता. तो डब्यांकडे बघत होता. "मामा, मला सांगितलं असतं तर मी काय तिला..." एवढंच म्हणाला. नेलंच असतं त्याने. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी उखळ लोटत परत नेलं. मातीत त्याचा गोल खळगा अजून होता, त्यात ते नीट बसलं. घराला कुलूप आहे, आत पाट्या लावलेले डबे आहेत. उखळाचा काठ सगळीकडे खरबरीत आहे, फक्त घराकडची बाजू वीतभर गुळगुळीत झालेली आहे, तेल लावल्यासारखी. पहिल्यांदा लोटताना ती माझ्या हाताला लागली होती. इथंच का झिजलंय, असं तेव्हा मनात आलं होतं. बाई चार हातांवर उभी होती. मी विचारलं नाही.