पितळी साप
अत्यंत गांभीर्याने जाहीर करतो की परदेशातल्या तोआ पायोह वस्तीतल्या एका फ्लॅटच्या भिंतीवर बंदुकाच बंदुका होत्या आणि त्यांतल्या एकीनेही डास मेला नसता, कारण सगळ्या लाकडी होत्या. लाकडाला लावायच्या जवसाच्या तेलाचा वास आला की मला तिथली खंडेनवमी आठवते. तो फ्लॅट माझ्या मित्राचा; ते जहाजावरचे निवृत्त इंजिनिअर. जुन्या काळी कॅनडात गोरे व्यापारी तिथल्या आदिवासींना केसाळ कातड्यांच्या बदल्यात गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या बंदुका देत. त्या बंदुकांच्या हुबेहूब लाकडी प्रतिकृती माझे मित्र घडवत. “ही शेवटची हं,” असं वहिनी दर वेळी बजावत. एका वर्षी मात्र मित्राचे हात थरथरू लागले होते आणि पूजेत मांडायच्या बंदुकीवर, मूळ बंदुकांवर असायचा तसा, पितळी साप बसवायचा राहिला होता. “सापाशिवाय तिथली माणसं बंदूक हातात घेत नसत,” ते म्हणाले. स्क्रू पुन्हा पुन्हा निसटला. मी उठू लागलो, तर वहिनींनी मला नजरेनेच खाली बसवलं. त्यांनी साप बोटांनी दाबून धरला आणि मित्राने सावकाश स्क्रू पिळले. तोवर नैवेद्य गार झाला. मग वहिनींनी सापाला हळदकुंकू वाहिलं. ती बंदूक आता माझ्या घरी आहे आणि ती खरोखरच शेवटची ठरली; पण तेव्हा नवऱ्याच्या हातांकडे बघत वहिनी एकदम बोलून गेल्या, “आता पुढची कधी करायला घेताय?”