मांसाशिवाय काहीच नाही

पायाकुंबुह गावच्या बाजारात मांसाच्या ओळीत बाईमाणूस एकच, युस्निदार. नवरा गेल्यावर भाऊ म्हणाला, "दुकान विकून टाक, हे बायकांचं काम नव्हे."  तिने नवऱ्याचा सुरा काढला आणि दगडावर धार लावत बसली. त्या दिवसापासून बाजार तिला 'उनी युस' म्हणू लागला. थोरल्या बहिणीचा मान तिला असा मिळाला.

मूलबाळ नव्हतं. नवऱ्याचं एक लाडकं म्हातारं मांजर तेवढं घरात उरलं होतं. शेजारच्या लग्नात कुणीतरी शिजलेल्या कोंबडीचं हाड त्याच्यापुढे टाकलं. त्याची कपची घशात रुतली आणि ते युसच्या मांडीवर तडफडून गेलं. हाड तोडणं तिचा रोजचा धंदा, पण मांजराच्या तोंडाजवळ हाड दिसलं की तिच्या अंगावर काटा यायचा.

म्हणूनच दुकानाच्या ओट्याखाली व्यालेली मांजरी गाडीखाली सापडली आणि तिची तीन पिल्लं युसच्या गळ्यात पडली, तेव्हा तिने एक गोष्ट मनाशी पक्की केली. यांना हाड शिवूही द्यायचं नाही.

बुयुंग, उपियाक आणि पिवळा कुनियांग. आधी कापसाने शेळीचं दूध पाजलं. दात आल्यावर कच्चं मांस सुरू केलं, तेही पाठीचं, कोवळं, चरबी आणि शिरा काढून बारीक खिमा केलेलं. प्रत्येक घास ती दोन बोटांत चुरडून बघायची, एखादी कणी तर राहिली नाही ना. शेजारचा मिरचीवाला स्यामसिर चेष्टा करायचा, "उनी, गिऱ्हाइकाला चरबी आणि मांजरांना पाठ! मला दत्तक घ्या की. मीही म्याँव करीन."

"तू आधी उंदीर पकडून दाखव," युस म्हणायची.

पिल्लं गुबगुबीत झाली. अंगावर तेल लावल्यासारखी चकाकी आली. बघणारा म्हणे, वाघाची आहेत वाटतं.

मग बुयुंगने उड्या मारायचं सोडलं. उचलायला गेलं की किंचाळायचा. पाय मुरगळला असेल, असं वाटून युसने हळद गरम करून लावली, तर तो तिला कडकडून चावला. थोड्याच दिवसांत उपियाकचे पाय कमानीसारखे वाकायला लागले. चार पावलं टाकून ती मटकन बसायची. समोरच्या दास्नीमावशी म्हणाल्या, "नजर लागलीय गं. सगळ्यांपुढे मिरवलीस ना."

युसने मिरवणं बंद केलं आणि मांस वाढवलं. ताकद कमी पडतेय, दुसरं काय असणार? अजून ताजं, अजून कोवळं. स्वतःच्या पोटात घास उतरत नव्हता, पण पिल्लांपुढे ती तास तास बसायची आणि बोटाने भरवायची. "खा रे राजा. एवढा घास खा, म्हणजे उभा राहशील." पिल्लं बिचारी खायचीही.

एका सकाळी कुनियांग बसायच्या पाटावरून खाली उतरला. पाट केवढा, टीचभर. कट् असा आवाज झाला. नंतर तो पुढच्या दोन पायांवर सरपटत तिच्याकडे आला. मागचं अर्धं अंग फडक्यासारखं ओढत होता.

दुकान उघडं टाकून युस टोपली घेऊन धावली.

जनावरांची डॉक्टर रेफ्नी वयाने पोरगीच. तिने हाडांचे फोटो काढले आणि उजेडापुढे धरले. मांसाची सावली दिसत होती, हाडं मात्र धुरासारखी पुसट.

"एतेक," तिने मावशीच्या मानाने हाक मारली, "यांना खायला काय घालता?"

"मांस. माझ्या हातचं, ताजं. हाडाचा कण जाऊ देत नाही."

"आणखी काय?"

"आणखी कशाला? मांसाशिवाय काहीच नाही."

डॉक्टरने फोटो खाली ठेवले. "कच्चं मांस वाईट नाही, एतेक. पण हाडाला लागणारं कॅल्शियम निव्वळ मांसात नसतंच म्हटलं तरी चालेल. रानातलं मांजर उंदीर हाडासकट खातं. यांना ते मिळालं नाही, म्हणून यांच्या शरीराने यांच्याच हाडांतून ते ओढून घेतलं."

युसने फोटो उचलून पुन्हा उजेडापुढे धरले. मग एकदम ओरडली, "अगं पोरी, दिवसभर हाडांच्या ढिगात उभी असते मी! सूपवाल्यांना फुकट वाटते!"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"ती आजारी पडली आणि मी आणखी भरवलं. बोटाने भरवलं गं!"

कुनियांगचा कणा मोडला होता. डॉक्टर हळूच म्हणाली, त्याला सोडवलेलं बरं. युसने टोपली छातीशी धरली. "एकदा मोडला तो पुरे नाही का? आता मारायलाही मीच सांगू?"

ती त्याला घरी घेऊन आली. त्याला लघवी होत नव्हती. डॉक्टरने पोट दाबून काढायला शिकवलं होतं, पण हात लावला की तो असा विव्हळायचा की ती हात मागे घ्यायची. तरी तिला बघून तो घुरघुरायचा. ते तिला त्याच्या विव्हळण्याहूनही असह्य व्हायचं. शेवटी ती आपणहून परत गेली. "सोडव त्याला," एवढंच म्हणाली आणि सुई टोचेपर्यंत त्याचं डोकं तळहातात धरून बसली.

उरलेल्या दोघांना उडी मारता येऊ नये म्हणून खोक्यात कोंडायचं होतं. मांसात मोजून पूड घालायची होती, पुढे कोंबडीची कच्ची मान हाडासकट बारीक दळून द्यायची होती. युसने मान खिम्याच्या यंत्रात घातली, पण हात पुढे जाईना. घशात कपची अडकलेलं ते म्हातारं मांजर डोळ्यांपुढे उभं राहिलं. स्यामसिरने तिला बाजूला केलं आणि दोनदा दळून दिलं. त्या दिवशी त्याने चेष्टा केली नाही.

पिल्लं खोक्यात रडायची. युस बाहेर बसून म्हणायची, "रडा, मला शिव्या द्या, पण हलू नका."

हाडं हळूहळू भरली, पण जशी वाकली होती तशीच. उपियाक बदकासारखी चालू लागली. बुयुंगच्या कमरेचं हाड आतून आवळलं गेलं. शौचाला बसला की तो कण्हतो आणि युस शेजारी श्वास धरून उभी राहते. हे त्याच्या जन्मभराचं दुखणं आहे, असं डॉक्टरने सांगितलंय.

परवा उपियाकने तांदळाच्या पोत्यावर उडी मारली. पहिलीच उडी. दास्नीमावशींनी टाळ्या वाजवल्या. युस मात्र किंकाळी फोडून धावली, तिला उचलून खाली घेतलं, चारही पाय एकेक करून चाचपले. सगळं धड होतं. तरी ती पुन्हा पुन्हा चाचपत राहिली.