शीर्षकातली चौथी जागा

त्या मंगळवारी माझी पत्नी एटापल्लीच्या शाळेत, सातवीच्या वर्गात, खाली बसली. ती परत उठली नाही. मी चंद्रपुरात होतो.

ती इंग्रजी शिकवायची. मुलं घरी माडिया बोलणारी, मराठी शाळेत येऊन शिकलेली, आणि त्यावर ही तिसरी भाषा. आपल्या लिपीत एकही अक्षर जागेप्रमाणे लहान-मोठं होत नाही. वाक्य सुरू होवो की संपो, 'क' तेवढाच राहतो. त्यामुळे इंग्रजीत कॅपिटल अक्षर कुठं घ्यायचं हे मुलांच्या ध्यानात राहत नसे. मग तिनं मुलांनाच शब्द केलं: उभा तो कॅपिटल, बसलेला तो लहान. सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं आणि तिनं बोट दाखवलं की आपला शब्द उच्चारायचा; वाक्याचा पहिला शब्द झालेल्यानं उभंच राहायचं, बाकीच्यांनी खाली बसायचं. माणसाचं, गावाचं, नदीचं नाव कुठंही आलं तरी उभं. 'आय' म्हणजे 'मी', तोही कायम उभा. यावर मुलं दरवर्षी भांडत.

"मॅडम, 'मी' काऊन उभा? 'तू' तं बसला हाय!"

"इंग्रजाले विचारा," ती म्हणायची. "मी तं दोघायलेबी बसवलं असतं."

शीर्षकात मात्र बहुतेक शब्द उभे राहत. फक्त 'ऑफ', 'अँड', 'द' असे बारके शब्द बसत, आणि तेसुद्धा पहिल्या किंवा शेवटच्या जागी नसतील तरच. बसायला कुणी राजी नसे, म्हणून तिनं रोज जागा बदलायची पद्धत ठेवली. तिच्या वर्गात कुणी कायमचा बारका शब्द नव्हता. ती हे मला फोनवर सांगायची. आमचा बराचसा संसार फोनवरच झाला.

लग्नानंतर तिला नोकरी एटापल्लीला लागली आणि मला चंद्रपूरला, कॉलेजच्या ग्रंथालयात. सुट्यांत आम्ही भेटायचो, त्यातल्याही अर्ध्या सुट्या सावली गावात तिच्या आईकडे जात. बदलीचा विषय दर उन्हाळ्यात निघायचा.

"टाक ना अर्ज यंदा."

"यंदाची पोरं आत्ताच कुठं बराबर उभी राहून राह्यली जी. आता सोडू काय?"

"दरवर्षी हेच सांगतेस."

"मंग दरवर्षी नवी पोरं येतेत ना! तुमची पुस्तकं थोडीच येतेत, एकदा ठेवली का झालं."

मी हसायचो. माझ्याकडेही कारणं असायचीच. शेवटी दोघांनी ठरवलं, तिच्या निवृत्तीनंतर एका घरात राहायचं. मार्चमध्ये ती मोकळी होणार होती. घराची पुढची खोली मी रिकामी केली आणि एक फळा आणून भिंतीला टेकवून ठेवला. फोनवर तिला ते सांगितलं तेव्हा ती खूश झाली.

"मोहल्ल्यातली पोरं गोळा करतो अन् तिथंच उभी करतो," ती म्हणाली.

"आणि मी?"

"तुमी 'द'. कोपऱ्यात बसून वाचत राहा."

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मी तिचं सामान आणायला आलापल्लीला बस बदलून एटापल्लीला गेलो. मुख्याध्यापक मला तिच्या वर्गात घेऊन गेले. त्या वर्गात मी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होतो. इतक्या वर्षांत एटापल्लीला गेलो ते सुटीच्या दिवशीच, तेव्हा शाळेला कुलूप असायचं.

 मग एक मुलगी आपणहून सांगू लागली. त्या दिवशी शीर्षक होतं 'द गर्ल अँड द रिव्हर'. पाच शब्दांना पाच जणं हवी होती, पण त्या गटातली एक मुलगी आली नव्हती. म्हणून चौथ्या जागेवर मॅडम स्वतः आल्या.

"मॅडम 'द' बोलल्या अन् खाली बसल्या, सर. मले वाटलं बराबर हाय. त्यायचा नंबर बसाचाच होता." ती थांबली. "आमी हासलोबी. मी 'रिव्हर' होती. मॅडम मले बोट दाखवतीन म्हणून उभीच राह्यली."

"मग?"

"मंग त्यायनं दाखवलंच नाई."

 मुलांनी मला त्यांच्या जागा दाखवल्या. चार जणं आपापल्या जागी गेली. त्या दिवशी न आलेली मुलगी खिडकीशीच थांबली. मी तिला हात केला तर मान हलवून म्हणाली, "थे मॅडमची जागा हाय."

मग मीच जाऊन तिथं बसलो. फरशी गार होती. डावीकडं 'अँड' मांडी घालून बसला होता, उजवीकडं 'रिव्हर' उभी होती. तिथून फळा उंच दिसत होता. ती सांगायची ते सगळं इथं बसून पाहता आलं असतं. कामाच्या एखाद्या दिवशी रजा टाकून एक तास यायचं होतं, एवढंच. ते तिलाही सुचलं नाही आणि मलाही. आम्ही दोघं मार्चची वाट पाहत राहिलो.

मी 'रिव्हर'कडं बोट केलं. तिनं शब्द म्हटला, अगदी हळू.

मार्च येऊन गेला. फळा पुढच्या खोलीत भिंतीला टेकवलेला आहे. त्यावर काही लिहिलेलं नाही. मी त्याच खोलीच्या कोपऱ्यात बसून वाचतो.