दहा मिनिटांची भेट

त्या बसची समोरची काच आणि तिच्यामागे दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेला ड्रायव्हर आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. नोकरीत मी याहून भयंकर गोष्टी पाहिल्या. पण या एका प्रकरणात जे बिघडलं, त्यातलं बरंचसं माझ्या हातून बिघडलं. म्हणून ते लिहून ठेवतो आहे. नावं कोणाचीच देत नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. तंजावूर आणि ओरत्तनाडुच्या मधल्या एका ठाण्यावर मी इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं तंजावूरचंच. घरात मराठी, दारात तमिळ. मराठी लिहायला मी नोकरी लागल्यावर शिकलो. ठाण्यात मात्र सगळे मला अय्याच म्हणत, म्हणजे साहेब.

त्या दिवशी एका पक्षाच्या नेत्याला अटक झाल्याची बातमी सकाळीच आली. गावोगावी केबल पोचली होती, त्यामुळे ती पसरायला वेळ लागला नाही. नऊ वाजेपर्यंत दुकानं बंद झाली. सरकारचा हुकूम होता की बस बंद ठेवायच्या नाहीत. साडेदहाच्या सुमारास तंजावूरहून ओरत्तनाडुकडे निघालेली एक बस कालव्याच्या पुलापाशी आली, तेव्हा पुलावर चाळीस-पन्नास जणांचा जमाव घोषणा देत उभा होता. ड्रायव्हरने वेग कमी केला. तेवढ्यात एक दगड काच फोडून आत आला.

दगड आणि काचा थेट ड्रायव्हरच्या तोंडावर आल्या. त्याला काहीच दिसत नव्हतं. डावीकडे कालवा होता, पाण्याने भरलेला. त्या माणसाने अंदाजाने ब्रेक लावला आणि बस रस्त्यावरच उभी केली. बसमध्ये तीसेक प्रवासी होते, एकालाही खरचटलं नाही. मी पोचलो तेव्हा जमाव पांगला होता. ड्रायव्हर तसाच सीटवर बसून होता आणि त्याच्या पाठीमागच्या सीटवरची एक बाई आपला पदर त्याच्या तोंडावर दाबून धरून उभी होती. "सगळे उतरले का?" एवढंच तो विचारत होता.

एक डोळा त्याच दिवशी गेला. दुसराही महिन्याभरात गेला.

पहिला आठवडा सगळं गाव आमच्या बाजूने होतं. व्यापाऱ्यांनी निषेध म्हणून पुन्हा एकदा बाजार बंद ठेवला. कॉलेजच्या पोरांनी मूक मोर्चा काढला. रोज कोणी ना कोणी ठाण्यात येऊन टेबलावर हात आपटून सांगायचं, "अय्या, त्याला सोडू नका. कोणीही असो." पण मी विचारलं की पुलावर कोण कोण होतं, तर उत्तर ठरलेलं होतं: "बाहेरगावची माणसं होती, अय्या." प्रवाशांचे जबाब घेतले. एक जण खाली पडलेली पिशवी उचलायला वाकला होता, दुसऱ्याला झोप लागली होती, तिसरा नेमका मागे वळून बघत होता. पदर धरून उभी राहिलेली ती बाई शाळेत शिक्षिका होती. तिनेही सांगितलं, "मी डोळे मिटले होते." ड्रायव्हरच्या पाठीमागेच बसलेली बाई ती. माझा विश्वास बसला नाही, पण मी तेव्हा ताणलं नाही. गुन्हा अनोळखी इसमांविरुद्ध दाखल होता आणि तसाच राहणार अशी चिन्हं होती.

दहाव्या दिवशी दुपारी ठाण्यात फोन आला. बोलणारा एसटीडी बूथवरून बोलत असावा, मागे रस्त्याचा आवाज येत होता. तो एवढंच म्हणाला, "केबलवाल्याकडे बंदची कॅसेट मागा," आणि फोन ठेवला.

आमच्या हद्दीतला केबलवाला म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांचा एक तरुण. गावात सगळ्यांचा लाडका. रक्तदान असो, मंदिराचा उत्सव असो, तो पुढे असायचा. मोपेडवरून घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचे टीव्ही नीट करून द्यायचा. त्याचे मामा त्या पक्षाचे गावातले पुढारी. लग्नांचं शूटिंगही तो करायचा, आणि गावातल्या सभा-मिरवणुका टिपून संध्याकाळी आपल्या चॅनेलवर दाखवायचा. बंदच्या दिवशी मात्र आपण तिरुच्चीला होतो, असं त्याने शिपायाला आधीच सांगितलं होतं.

दुकानाची झडती घेतली, पंचांसमोर सगळ्या कॅसेट जप्त केल्या. ठाण्यात एक भाड्याचा टीव्ही आणून दोन दिवस आम्ही लग्नं पाहत बसलो. एका कॅसेटवर एका लग्नाची पंगत संपली, मग पडद्यावर थोडा वेळ पांढरे ठिपके नाचले आणि अचानक पूल दिसला. बंदच्या चित्रणावरच लग्न घेतलं होतं, पण लग्न छोटं निघालं आणि शेवटची काही मिनिटं तशीच राहिली होती. घोषणा, झेंडे, दुरून येणारी बस. आणि सगळ्यांच्या पुढे, शर्टाच्या बाह्या दुमडलेला, आमचा केबलवाला. दगड फेकताना तो दिसत नव्हता. कॅमेरा दुसऱ्याच कोणाच्या हातात होता, आणि तो त्याआधीच खाली वळला होता.

त्याला सकाळी बोलावून घेतलं. त्या काळी चौकशीत मारहाण होत नसे असं मी म्हणणार नाही. पण त्याला कोणी हात लावला नाही, गरजही पडली नाही. माणूस खोटं बोलत असला की जास्त बोलतो. तासभर तो तिरुच्चीची हकिगत सांगत होता. कोणत्या हॉटेलात जेवला, काय जेवला, सगळं. मी ऐकून घेतलं. मग टीव्ही लावला.

पडद्याकडे बघता बघता तो खुर्चीवरून खाली जमिनीवर बसला.

"ते कसे आहेत?" त्याने विचारलं.

"कोण?"

"ड्रायव्हर."

"एक डोळा गेला. दुसऱ्याचीही आशा नाही."

तो रडला नाही. मग म्हणाला, "मला काच फोडायची होती, अय्या. फक्त काच. सगळे ओरडत होते, मी पुढे होतो, हातात काहीतरी हवं होतं." आणि थोड्या वेळाने, "मी मॅजिस्ट्रेटसमोर सांगतो. मीच मारला."

पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा ठरत नाही, पण मॅजिस्ट्रेटने रीतसर नोंदवलेला ठरतो. मी कोर्टात फोन केला. तीन वाजता हजर करा, असा निरोप आला. तेव्हा साडेबारा झाले होते.

एव्हाना ठाण्याच्या फाटकाबाहेर गर्दी जमली होती. आठ दिवसांपूर्वी टेबलावर हात आपटून गेलेले चेहरे मला त्या गर्दीत दिसले. आता ते म्हणत होते, "अय्या, चांगला मुलगा आहे. भरात होऊन गेलं." एक जण म्हणाला, "बंदच्या दिवशी बस काढायची तरी कशाला?" आवाज वाढत चालला होता. माझ्याकडे अकरा माणसं होती. तेवढ्यात त्याचे मामा हात जोडून आत आले. "दहा मिनिटं भाच्याशी बोलू द्या. मी बाहेरच्या लोकांना घरी पाठवतो. माझा शब्द."

नियमाप्रमाणे मी नाही म्हणायला हवं होतं. तंजावूरहून जादा कुमक मागवता आली असती. त्याला मागच्या दाराने जीपमध्ये घालून आधीच कोर्टात नेऊन बसवता आलं असतं. दुपारच्या उन्हात मी कंटाळलो होतो आणि गर्दी शांतपणे निघून जावी असं मला वाटत होतं. मी दार उघडून दिलं आणि दहा मिनिटं बाहेर उभा राहिलो.

मामांनी शब्द पाळला. लोक घरी गेले. मी आत गेलो तेव्हा तो पोरगा भिंतीकडे तोंड करून बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला वकील पाहिजे. मी तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही."

कबुली गेली. कॅसेटवर तो पुलावर होता एवढंच दिसत होतं. दगड त्याच्या हातून सुटताना पाहिलेला माणूस हवा होता. आणि कदाचित बोलेल असा माणूस एकच आहे, हे मला ठाऊक होतं.

ती शिक्षिका आमच्यातलीच, मराठी घरातली. लग्न केलेलं नव्हतं, वडिलांबरोबर तंजावूरमध्येच राहायची आणि रोज बसने शाळेत जायची. शिपायाला न पाठवता, वर्दी न घालता मी तिच्या घरी गेलो. आणि तिथे मी जाणूनबुजून एक गोष्ट केली. जबाब घेताना मी तिच्याशी तमिळमध्ये बोललो होतो. आता दारातच मराठीत हाक मारली, "अक्का, आहात का?"

तिने कॉफी आणून दिली. वडील पलीकडे खुर्चीत बसून होते. मी घराण्याची चौकशी केली, कोण कोणाचे लागतात ते काढलं. मग विषयाला हात घातला.

"अक्का, तुम्ही डोळे मिटले नव्हते."

तिने पेला खाली ठेवला. "तो माझ्या वर्गात होता," ती म्हणाली. "सहावीत. गणिताला कच्चा होता, पण फळा रोज तोच पुसून द्यायचा. दगड मारायच्या आधी त्याची-माझी नजरानजर झाली. मला ओळखलं त्याने."

वडील म्हणाले, "तिला यात ओढू नका. किती पिढ्या झाल्या इथं राहून, तरी लोक आम्हाला राव, म्हणजे बाहेरून आलेले मराठी, म्हणूनच ओळखतात. उद्या हिच्या शाळेत कोण हिच्या बाजूने बोलेल?"

"मी आहे," मी म्हणालो. "तुमच्या केसाला धक्का लागणार नाही. आपलं माणूस म्हणून सांगतो."

शेवटी ती म्हणाली, "त्या ड्रायव्हरचं रक्त माझ्या पदरावरून तीन धुण्यांतही गेलं नाही. येते मी कोर्टात."

ओळखपरेडमध्ये तिने त्याच्यासमोर उभं राहून बोट दाखवलं. आरोपपत्र दाखल झालं. त्यानंतर तिच्या वर्गातली मुलं एकेक करून दुसऱ्या तुकडीत गेली. स्टाफरूममध्ये तिच्याशी बोलणं बंद झालं. बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली, आणि ही तीच माणसं ज्यांना ड्रायव्हरने कालव्यात जाण्यापासून वाचवलं होतं. मी दोन शिपाई तिच्या घराजवळ ठेवले. न बोलणाऱ्या लोकांविरुद्ध शिपाई काय करणार? कोर्टात आरोपीच्या वकिलाने तिला पहिला प्रश्न विचारला, "तुमची मातृभाषा कोणती? आणि इन्स्पेक्टरची?" तिने दोन्ही उत्तरं खरी दिली. दगड कोणी मारला हेही स्पष्ट सांगितलं. उलटतपासणीत एकदाही डगमगली नाही.

निकाल लागायच्या आधी सरकार बदललं. आंदोलनातले खटले मागे घ्यायचा निर्णय झाला. सरकारी वकिलांनी अर्ज दिला आणि कोर्टाने तो मंजूर केला. सगळं मिळून पंधरा मिनिटांत आटोपलं. ड्रायव्हर बायकोचा हात धरून मागच्या बाकावर बसला होता. तो तिला विचारत होता, "झालं? काय म्हणाले?" तिला सांगता येईना. बाहेर फटाके वाजले. केबलवाल्याला हार घातला गेला. त्याने तो लगेच काढून हातात धरला, एवढं मी पाहिलं.

शिक्षिकेने समुद्राकाठच्या एका शाळेत बदली मागून घेतली. वडील तिकडेच वारले, असं मला नंतर कळलं.

निवृत्त झाल्यावर मी एकदा ड्रायव्हरच्या घरी गेलो. घराभोवती नारळाची झाडं होती, ओसरीवर तो सुंभ वळत बसला होता. बोलता बोलता म्हणाला, "तो पोरगा येऊन गेला, अय्या. मीच मारला म्हणाला. मी विचारलं, कोर्टात का नाही बोललास? तर म्हणाला, बोलणार होतो, तेवढ्यात मामा आले. दिवसभर बसला होता माझ्याजवळ."

मी म्हणालो, "मामांना आत मी सोडलं होतं."

त्याचे हात थांबले. मग त्याने विचारलं, "टीचरम्मांना हे ठाऊक आहे?"

"नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलात? आधी तिकडे जायचं होतं."

पुढच्याच आठवड्यात मी शिक्षिकेकडे गेलो. तिचे केस पिकले होते, पण आवाज वर्गातलाच होता. मी सगळं सांगितलं. साडेबारा वाजता तो कबूल झाला होता, मी दार उघडलं, आणि माझी ती चूक भरून काढायला मी तिच्या दारात येऊन मराठीत हाक मारली. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

शेवटी ती म्हणाली, "तेव्हाच हे सांगितलं असतंत तर मी साक्ष दिली नसती, असं वाटलं तुम्हाला?"

असंच वाटलं होतं, हे मी कबूल केलं.

"दिली असती," ती म्हणाली. "पण कोणाच्या चुकीसाठी उभी राहते आहे, ते मला ठाऊक असतं."

नोकरीत मी किती गुन्हे उघडकीला आणले, ते लोक अजून विचारतात. जमावाला चेहरा नसतो, असं आम्ही प्रशिक्षणात शिकलो होतो. या प्रकरणात मला एकेक चेहरा ठाऊक होता. फेकणाऱ्याचा, पाहणाऱ्याचा, सोसणाऱ्याचा आणि दार उघडणाऱ्याचा. त्यांतल्या एका बाईनेच आपल्या वाट्याचं खरं कोर्टात सांगितलं, आणि शिक्षा झाली ती फक्त तिलाच.